रशियन वाङ्मयाची वाट उघडणाऱ्या गार्नेटबाई

परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना वाचनालयाच्या कपाटाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. त्या कपाटात हरिभाऊ, फडके, खांडेकर यांच्या खालच्या खणात थोडी इंग्रजी पुस्तके असतात, आणि त्यांत 'वॉर अँड पीस', 'ॲना कॅरेनिना', 'द ब्रदर्स कॅरमाझॉव्ह' यांपैकी एखादा तरी पुठ्ठा निखळलेला खंड सापडतो. आमच्यापैकी बहुतेकांनी टॉल्स्टॉय वाचला तो असा. रशियन भाषा आम्हांस येत नव्हती, मराठीत त्या काळी जे काही आले होते ते बहुधा संक्षिप्त होते. तेव्हा इंग्रजीवाचून गत्यंतर नव्हते. या पुस्तकांच्या पाठीवर ग्रंथकाराचे नाव ठळक सोनेरी अक्षरांत असे. आत, नामपृष्ठाच्या मध्यावर किंवा तळाशी, बारीक टायपात आणखी एक नाव असे : कॉन्स्टन्स गार्नेट. ते नाव आमच्या नजरेखालून शेकडो वेळा गेले असेल. ही बाई कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. हा प्रश्न विचारण्याला आम्हां मराठी वाचकांना एक खास कारणही आहे. ते ओघाने पुढे येईल.

कॉन्स्टन्स ब्लॅक यांचा जन्म १९ डिसेंबर १८६१ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या गावी झाला. वडील डेव्हिड ब्लॅक वकिली करीत. आठ भावंडांत कॉन्स्टन्सचा क्रमांक सहावा. बालपणी हाडाच्या क्षयाने तिला दीर्घकाळ अंथरुणाला खिळवून ठेवले आणि दृष्टीही पहिल्यापासून अधूच होती. १८७३ साली वडिलांना पक्षाघात झाला. पुढे दोन वर्षांनी, त्यांना खुर्चीवरून उचलून बिछान्यावर ठेवताना आईचे हृदय बंद पडले व ती गेली. अशा घरातून जी मुलगी सतराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ग्रीक व लॅटिन शिकावयास गेली, तिच्या मनाची घडण काय असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

१८८३ साली तिने अभिजात भाषांच्या परीक्षेत वरचा वर्ग मिळविला. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसे. ती बंदी उठली १९४८ साली, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर! योगायोग असा की त्याच १८८३ साली आमच्या पंडिता रमाबाई इंग्लंडला आणि आनंदीबाई जोशी अमेरिकेला विद्येसाठी निघाल्या होत्या. समुद्रपर्यटनाचा दोष ज्यांच्या माथी होता त्या आनंदीबाईंना अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळाली आणि केंब्रिजच्या दाराशी जन्मलेल्या इंग्रज मुलीला ती मिळाली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे लंडनला येऊन तिने मुलांना शिकविण्याची नोकरी केली, आणि मग पूर्व लंडनच्या श्रमिक वस्तीत 'पीपल्स पॅलेस' नावाची जी संस्था निघाली होती तिच्या ग्रंथालयाचा कारभार पाहिला. थोरली बहीण क्लेमेंटिना ही कादंबरीकर्ती आणि कामगार स्त्रियांच्या चळवळीतली कार्यकर्ती. तिच्यामुळे ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथशाळेतील रिचर्ड गार्नेट यांच्या कुटुंबाशी परिचय झाला, आणि ३१ ऑगस्ट १८८९ रोजी त्यांचा मुलगा एडवर्ड याच्याशी कॉन्स्टन्सचा विवाह झाला. एडवर्ड हा प्रकाशकांकडे आलेली हस्तलिखिते वाचून मत देण्याचे काम करी. जोसेफ कॉनरॅड व डी. एच. लॉरेन्स या दोघांनाही आरंभीच्या काळात याच माणसाने हात दिला. हे घर पुस्तकांचेच होते. रशियाचा मात्र तोवर त्यात काही संबंध नव्हता.

तो आला १८९१ च्या उन्हाळ्यात. झारशाहीच्या छळाला कंटाळून, किंवा सैबेरियातून निसटून, अनेक रशियन क्रांतिकारक त्या काळी लंडनच्या आश्रयाला आलेले होते. फेलिक्स व्होल्खोव्हस्की हे त्यांपैकी एक. त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे तुरुंगात व सैबेरियात गेली होती. एडवर्डने त्यांना घरी आणले. कॉन्स्टन्सबाई तेव्हा गर्भवती होत्या. बाहेर हिंडण्याफिरण्याचे दिवस नव्हते. व्होल्खोव्हस्कींनी सुचविले की वेळ घालविण्यासाठी रशियन शिका. एक व्याकरण आणि एक शब्दकोश यांवर आरंभ झाला. वय एकोणतीस. ग्रीक-लॅटिनच्या विभक्ती व क्रियापदे ज्यांनी पचविली होती त्यांना रशियनच्या सहा विभक्तींची भीती वाटण्याचे कारण नव्हते. ९ मार्च १८९२ रोजी मुलगा डेव्हिड जन्मला. रशियनचा अभ्यास थांबला नाही.

व्होल्खोव्हस्कींनीच त्यांची सर्गेई स्तेपन्याक यांच्याशी गाठ घालून दिली. हे गृहस्थ म्हणजे एक प्रकरणच होते. खरे नाव क्रावचिन्स्की. १८७८ साली सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यात भर दिवसा राजकीय पोलिसांचा प्रमुख जनरल मेझेन्त्सोव्ह याचा खंजिराने वध करून ते निसटले होते. लंडनच्या साहित्यिक बैठकांत मात्र सर्वांना ते मृदू स्वभावाचे, लहान मुलांचे लाडके असे गृहस्थ म्हणून ठाऊक होते. स्तेपन्याकांनी बाईंची भाषांतरे पाहिली आणि हे हौसेचे काम नव्हे, हे पुरे करून छापलेच पाहिजे, असा आग्रह धरला. ते मुळाशी ताडून पाहात, चुका दाखवीत, संदर्भ समजावून देत. बाईंच्या भाषांतरामागे विद्यापीठ नव्हते. देशोधडीला लागलेल्या माणसांनी आपली भाषा एका परक्या बाईच्या स्वाधीन केली, असाच हा प्रकार होता. मायभूमीपासून दूर राहिलेला माणूस आपल्या भाषेविषयी किती हळवा होतो हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

१८९४ साली गोंचारॉव्हच्या 'ए कॉमन स्टोरी' या कादंबरीचे भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी टॉल्स्टॉयच्या 'द किंग्डम ऑफ गॉड इज विदिन यू' या ग्रंथाचे. हा दुसरा ग्रंथ रशियात छापण्यास बंदी होती. इंग्रजीतून वाचलेल्या याच ग्रंथाने दक्षिण आफ्रिकेतील आरंभीच्या वर्षांत गांधीजींच्या मनाचा ठाव घेतला होता, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केलेले आहे.

पुस्तक छापून होत असताना बाई इंग्लंडात नव्हत्या. दोन वर्षांचा मुलगाही पुरता न झालेला, तो मागे ठेवून १८९४ च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, त्या एकट्याच रशियाला गेल्या होत्या. दुष्काळपीडितांसाठी जमविलेला पैसा पोचविणे हे उघड निमित्त. लंडनच्या निर्वासितांचे निरोप व पत्रे आप्तस्वकीयांकडे पोचविणे हे आतले काम. पकडल्या गेल्या असत्या तर परिणाम काय झाला असता हे त्यांना पुरतेपणी ठाऊक होते. सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को पाहून त्या यास्नाया पोल्याना येथे गेल्या आणि प्रत्यक्ष टॉल्स्टॉयना भेटल्या. ऋषींनी आपले आणखी धर्मविषयक लेखन बाईंनी भाषांतरित करावे अशी इच्छा दर्शविली. बाईंनी ती मानली नाही. त्यांनी तुर्गेनेव्हचे काम हाती घेतले होते आणि ते सोडून देण्याची त्यांची तयारी नव्हती. आम्हांस या प्रसंगात बाईंचा सारा स्वभाव दिसतो. पुढे 'ॲना कॅरेनिना' व 'वॉर अँड पीस' त्यांनी केलेच, पण स्वतःच्या क्रमाने.

२३ डिसेंबर १८९५ रोजी पश्चिम लंडनमध्ये घराजवळचा रेल्वेमार्ग ओलांडताना स्तेपन्याक गाडीखाली सापडून मरण पावले. गुरू गेला आणि मित्रही गेला. हातातल्या कामाची साखळी तेथेच तुटली असती, परंतु स्तेपन्याक यांची पत्नी फॅनी पुढे आली आणि नवऱ्याच्या जागी मूळ रशियन घेऊन बसू लागली. तुर्गेनेव्हचे पंधरा खंड १८९४ ते १८९९ या साडेपाच-सहा वर्षांत बाहेर पडले. तुर्गेनेव्ह इंग्रजीत त्यापूर्वी अजिबात नव्हता असे नाही. परंतु रशियन वाङ्मय तोवर इंग्रजीत येई ते पुष्कळदा फ्रेंचच्या वळणाने. मुळाबरहुकूम, एकाच हाताने, एका लेखकाचे समग्र कथावाङ्मय उभे करण्याचा हा उद्योग नवा होता. कॉनरॅड हे जन्माने पोलिश, म्हणजे स्लाव्ह रक्ताचे आणि रशियाचा मनस्वी द्वेष करणारे. त्यांनीही एडवर्डला लिहिताना तुर्गेनेव्ह म्हणजे आपल्या लेखी कॉन्स्टन्स गार्नेट, अशी पावती दिली होती.

१८९६ च्या सुमारास गार्नेट कुटुंब केंट परगण्यात, क्रॉकहॅम हिल या खेड्याजवळ रानाच्या कडेला बांधलेल्या 'द सर्न' या दगडी घरात राहावयास गेले. एडवर्ड आठवड्याचे बरेच दिवस लंडनलाच असे. पुढे नेली हीथ या चित्रकर्तीशी त्याचे जे नाते जुळले ते बाईंनी आदळआपट न करता स्वीकारले, आणि नवराबायकोचा परस्परांच्या बुद्धीविषयीचा आदर अखेरपर्यंत टिकला. हे आमच्या पठडीतले नव्हे, पण चरित्र लिहावयाचे तर झाकून ठेवता येत नाही. बाईंचे दिवस बागेत आणि कागदांत जात. फुलझाडांची त्यांना अतोनात हौस. लॉरेन्स या घरी पाहुणा म्हणून आला, तेव्हाची त्याची आठवण प्रसिद्ध आहे : बाई बागेत बसून लिहीत, मान वर न करता लिहून झालेले पान बाजूला जमिनीवर टाकीत, आणि त्या पानांचा ढीग गुडघ्याइतका उंच होई.

हे चित्र मनोहर आहे खरे, परंतु त्याची किंमत बाईंच्या डोळ्यांनी दिली. 'ॲना कॅरेनिना' १९०१ साली निघाली. त्यानंतर 'वॉर अँड पीस' हाती घेतले, आणि त्या प्रचंड ग्रंथाने आधीच अधू असलेली दृष्टी पार खालावली. मग कोणी तरी रशियन वाचून दाखवावे, बाईंनी ऐकावे, मनात वाक्य जुळवावे आणि इंग्रजी मजकूर तोंडाने सांगावा, असा क्रम सुरू झाला. १९०४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बारा वर्षांच्या डेव्हिडला घेऊन त्या दुसऱ्यांदा रशियाला जाऊन आल्या. रशिया-जपान युद्ध तेव्हा चालू होते. तिसऱ्यांदा जाण्याचा योग आला नाही.

१९०६ साली नाताल्या एर्टेल नावाची एक तरुणी शिक्षणासाठी लंडनला आली. अलेक्झांडर एर्टेल या रशियन कादंबरीकाराची ती मुलगी. पुढे ती नाताली डडिंग्टन या नावाने ओळखली गेली. तिची तीक्ष्ण बुद्धी पाहून बाईंनी तिला आपलीशी केली. यापुढचे बरेचसे काम या दोघींनी मिळून केले आहे, असे म्हटले तरी चालेल : नाताली मोठ्याने वाचे, शंका निघाल्या तर वाद होई, आणि इंग्रजी वाक्य अखेर बाईंचे. नातालीने पुढे स्वतःही गोंचारॉव्हची 'ऑब्लोमोव्ह' इंग्रजीत आणली. बाईंची विद्या अशी वाया गेली नाही.

आता ते कारण सांगतो, ज्यासाठी आम्हां मराठी वाचकांना या घराकडे वळून पाहणे भाग आहे.

१९१० साली बाईंचा डेव्हिड अठरा वर्षांचा होता. लंडनमध्ये शिकत असताना त्याची काही हिंदी विद्यार्थ्यांशी मैत्री झाली आणि त्यांच्याबरोबर तो हायगेटच्या 'इंडिया हाऊस' मध्ये गेला. तेथे त्याने विनायक दामोदर सावरकरांना पाहिले, त्यांना ग्रंथ वाचून दाखविताना ऐकले, आणि तो भारून गेला. १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक होऊन त्यांची रवानगी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात झाली. डेव्हिड त्यांना तेथे जाऊन भेटू लागला. एवढ्यावर न थांबता, सावरकरांना तुरुंगातून न्यायालयात नेत असताना वाटेत सोडवावयाचे आणि समुद्रमार्गे फ्रान्सला पोचवावयाचे असा बेत या पोराने रचला, त्यासाठी फ्रान्सपर्यंत खेपही घातली. बेत फसला. १ जुलैला 'मोरिया' बोटीने सावरकर हिंदुस्थानाकडे निघाले, आणि ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात जे घडले ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ आहे. त्या उडीच्या आधी काही आठवडे एका इंग्रज पोराने आपल्या देशाच्या सरकारविरुद्ध असा उद्योग आरंभिला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. डेव्हिड गार्नेट पुढे नामवंत कादंबरीकार झाला. हा सारा वृत्तान्त त्याने १९५३ साली 'द गोल्डन एको' या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवला आहे.

हे धाडस त्याला कोठून सुचले, असा प्रश्न करण्याची गरज आम्हांस वाटत नाही. ज्या घरात व्होल्खोव्हस्कींसारखे सैबेरियातून निसटलेले लोक चहाला येत, ज्याची आई स्वतः निर्वासितांची पत्रे घेऊन झारच्या राज्यात जाऊन आली होती, त्या घरातल्या मुलाला राजबंदी ही काही भयंकर वस्तू वाटत नसावी. रशियन निर्वासितांचा आणि मराठी क्रांतिकारकांचा संबंध त्या काळी दुसऱ्याही एका वाटेने आला होता. सेनापती बापटांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबविद्या मिळविली, आणि तिची मूळ पुस्तिका रशियन असल्यामुळे तीही इंग्रजीत उतरवून घ्यावी लागली. तेही भाषांतरच म्हणावयाचे! असो.

सावरकर अंदमानात पोचले तेव्हा केंटमधल्या त्या घरात डोस्टोव्हस्कीचे काम चालू झाले होते. डोस्टोव्हस्की १८८१ साली वारला. 'द ब्रदर्स कॅरमाझॉव्ह' ही त्याची अखेरची कादंबरी समग्र इंग्रजीत यावयास १९१२ साल उजाडले. प्रकाशक हाइनेमान यांना या लेखकाविषयी पुष्कळ दिवस खात्री वाटत नव्हती, आणि अर्नोल्ड बेनेट या कादंबरीकाराने नियतकालिकातून जाहीर मागणी केली होती की हे काम गार्नेटबाईंकडून करून घ्यावे. १९१२ ते १९२० या अवधीत बारा खंड निघाले. मध्येच महायुद्ध पेटले, रशिया हा इंग्लंडचा दोस्त झाला आणि रशियन पुस्तकांचा इंग्रज वाचकांत सुकाळ झाला. कॉनरॅडना कॅरमाझॉव्ह मुळीच रुचली नाही. आदिम युगातल्या आरोळ्या ऐकल्यासारखे वाटते, असा त्यांचा अभिप्राय. परंतु नव्या लेखकांनी ती डोक्यावर घेतली. व्हर्जिनिया वुल्फ यांना जे रशियन भेटले ते मुख्यतः या भाषांतरांतून. कॅथरिन मॅन्सफील्ड यांनी तर बाईंना पत्र लिहून आपले ऋण कळविले. अमेरिकन हेमिंग्वेने लिहून ठेवले आहे की 'वॉर अँड पीस' आपल्याला वाचवत नव्हते, ते गार्नेटबाईंचे भाषांतर हाती येईपर्यंत.

डोस्टोव्हस्की संपत आला असतानाच चेकॉव्ह सुरू झाला : १९१६ ते १९२२ कथांचे तेरा खंड, १९२३ साली नाटकांचे दोन. इंग्रजी लघुकथेचे वळणच त्या तेरा खंडांनी बदलले, आणि इंग्रजीवर पोसलेल्या आमच्या मराठी नवकथेच्या पिढीपर्यंत चेकॉव्ह पोचला तो मुख्यत्वे त्यांच्याच वाटेने. नंतर गोगोल, नंतर हर्झेनच्या आठवणींचे सहा खंड. एकूण ग्रंथसंख्या सत्तरच्या घरात जाते. एका अर्धांध बाईचे हे काम!

या कामावर पुढे टीका पुष्कळ झाली, आणि ती करणारे सामान्य लोक नव्हते. कोर्नेई चुकोव्हस्की या रशियन समीक्षकाने तक्रार केली की डोस्टोव्हस्कीची धाप लागलेली, अडखळणारी, आचके देणारी वाक्ये बाईंनी इस्त्री केल्यासारखी सपाट केली. नाबोकोव्ह हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात 'ॲना कॅरेनिना' शिकवीत. बाईंच्या भाषांतराची त्यांची प्रत दुरुस्त्यांनी भरून गेली होती. जोसेफ ब्रॉडस्की यांचा टोमणा तर सर्वश्रुत आहे : इंग्रजी वाचकाला टॉल्स्टॉय आणि डोस्टोव्हस्की यांतला फरक कळत नाही, कारण तो दोघांनाही वाचीत नसून गार्नेटबाईंना वाचीत असतो.

आम्हांस रशियन येत नाही. तेव्हा या पंडितांच्या पंक्तीला बसण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि वाचक म्हणून थोडे बोलावेसे वाटते. डोस्टोव्हस्कीविषयीचा आक्षेप खरा असावा. कॅरमाझॉव्ह घराण्यातले बापलेक, भिक्षू, वकील आणि नोकर हे सारे बाईंच्या पुस्तकात जवळपास एकाच सभ्य इंग्रजीत बोलतात, हे भाषांतरच वाचणाऱ्यालाही जाणवते. बाई झपाट्याने काम करीत, अडलेले वाक्य फार वेळ उगाळीत बसत नसत. तुर्गेनेव्ह आणि चेकॉव्ह हे मात्र संथ, नितळ लेखणीचे लेखक. त्यांचा व बाईंचा सूर जमला. ब्रॉडस्की यांचा टोमणा चतुर आहे, पण अतिशयोक्त आहे. ॲना गाडीखाली जाते ते पान आणि इव्हान कॅरमाझॉव्ह सैतानाशी बोलतो ते पान, ही दोन्ही बाईंच्याच इंग्रजीत वाचून ज्याला दोन वेगळ्या माणसांचा हात ओळखता आला नाही, त्याचा दोष बाईंच्या माथी मारू नये.

काही अडचणी तर भाषांतरकाराच्या नव्हेतच, इंग्रजी भाषेच्या आहेत, आणि त्या मराठी माणसाला जितक्या लवकर कळतात तितक्या इंग्रजाला कळणार नाहीत. रशियन नावांनी इंग्रज वाचक गोंधळून जातो. आमचे तसे नाही. फ्योदोर मिखाइलोविच डोस्टोव्हस्की म्हणजे मिखाइलचा मुलगा फ्योदोर. 'गोपाळ गणेश आगरकर' म्हणणाऱ्यांना यात चकित होण्यासारखे काय आहे? घरात दिमित्रीचा मित्या होतो आणि अलेक्सेईचा अल्योशा, जसा आमच्या दत्तात्रेयाचा दत्तू होतो. आणि कोण कोणाला केव्हा कोणत्या नावाने हाक मारतो यात अर्धी कथा असते. त्याहून मोठी गोष्ट 'तू' आणि 'तुम्ही' यांची. हा भेद रशियनमध्ये आमच्यासारखाच आहे. इंग्रजीत तो उरलेला नाही. 'ॲना कॅरेनिना' मध्ये एक स्थळ आहे : व्रॉन्स्की ॲनाशी मुद्दाम फ्रेंचमध्ये बोलतो, कारण रशियनमधले 'तुम्ही' त्या दोघांमध्ये आता अशक्य इतके थंड वाटेल आणि 'तू' धोक्याचे होईल. बाईंना हे टॉल्स्टॉयच्याच स्पष्टीकरणासह इंग्रजीत मांडता आले. परंतु इतर शेकडो ठिकाणी, जेथे टॉल्स्टॉय काहीच स्पष्ट करीत नाही आणि एका सर्वनामाने नाते बदलते, तेथे इंग्रजी निरुपाय होऊन गप्प बसते. त्यांचे इंग्रजी समोर ठेवून मराठीत भाषांतर करणाऱ्याला मग कोणी कोणाला 'तू' म्हणावे आणि कोणी कोणाला 'आपण' हे अंदाजाने ठरवावे लागते. रशियनमध्ये असलेली आणि मराठीतही असलेली वस्तू वाटेत इंग्रजीच्या नाक्यावर हरवते. परप्रांतात ज्यांच्या घरी मुले दारात एक भाषा बोलतात आणि माजघरात दुसरी, त्यांना ही हरवाहरवी रोजच्या सरावाची आहे.

१९३४ साली तुर्गेनेव्हची तीन नाटके प्रसिद्ध झाली आणि बाईंनी लेखणी खाली ठेवली. १९३७ साली एडवर्ड वारला. त्यानंतर त्या फारशा कोठे गेल्या नाहीत. हृदयाचा विकार, चालताना कुबड्या, आणि डोळ्यांत जेमतेम उजेड, अशा अवस्थेत दुसरे महायुद्ध त्यांनी त्याच रानाकाठच्या घरात काढले. १७ डिसेंबर १९४६ रोजी, पंचाऐंशीवा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, त्यांचा अंत झाला. त्यांचे विस्तृत चरित्र त्यांचा नातू रिचर्ड गार्नेट याने १९९१ साली प्रसिद्ध केले.

त्यांच्या मागून टॉल्स्टॉयची, डोस्टोव्हस्कीची अधिक काटेकोर भाषांतरे झाली. १९९० साली पेव्हिअर व व्होलोखोन्स्की या दांपत्याने केलेली 'कॅरमाझॉव्ह' पुष्कळांच्या पसंतीस उतरली. तरीही जुनी भाषांतरे मोडीत निघाली नाहीत. १९७६ साली राल्फ मॅटलॉ यांनी बाईंची 'कॅरमाझॉव्ह' तपासून, सुधारून पुन्हा काढली. त्यापूर्वी, १९६५ साली, 'ॲना कॅरेनिना' चे असेच संशोधन लेनर्ड केंट आणि नीना बेर्बेरोव्हा यांनी केले होते. या बेर्बेरोव्हा स्वतः रशियन लेखिका. १९२२ साली मायदेश सोडून निघालेल्या, आधी पॅरिसला आणि मग अमेरिकेत राहिलेल्या. त्या आवृत्तीच्या नामपृष्ठावर बारीक टायपात आता तीन नावे दिसतात, आणि त्यांत पहिले गार्नेटबाईंचे आहे.